अंगी लागणारं औषध

बाबांचं जग मोजायचं माप एकच होतं: अंगी लागतं की नाही. तूप, दुपारची झोप, व्याकरण, दुसऱ्याने केलेला उपदेश, सगळं याच एका तराजूत. हिवाळ्यात गल्लीतून मलइयो, म्हणजे दुधाचा गोड फेस, खात जाणाऱ्या पोरांना ते खिडकीतून हाक मारून सांगत, "अरे, ती हवा आहे हवा, अंगी लागत नाही." मी लहानपणी अगदी काडी होते, तेव्हा तर रोज पानावर बसताना माझ्याकडे बघून उसासा टाकायचे. "इतकं खाते, पण हिच्या अंगी म्हणून काही लागत नाही." पुढे मी औषधशास्त्र शिकले, विद्यापीठात लागले आणि पोटापाण्यासाठी नेमकं हेच मोजू लागले, की अंगाला लावलेलं औषध अंगी किती लागतं.

तेही खऱ्या अंगावर नाही, नकली कातडीवर. नोकरी लागली त्या दिवशी पेढे देवापुढे ठेवून मी बाबांना काम समजावून सांगितलं. एकावर एक अशा काचेच्या दोन वाट्या असतात. मध्ये कातडीची चकती घट्ट आवळून बसवायची. वर मलम किंवा पट्टी, खाली खारं पाणी, अंगाइतकं कोमट. ते पाणी मधूनमधून सुईने काढून बघायचं, औषध किती खाली उतरलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"कातडं कुणाचं?"

"कुणाचंच नाही. कारखान्यात बनतं. वरचा थर चरबीसारखा, खाली बारीक जाळी. माणसाच्या कातडीसारखं वागतं, पण ते माणूसही नाही आणि जनावरही नाही."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले आणि पेढा उचलला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत सांगत सुटले, "आमची बेटी प्लास्टिकला मलम लावते, प्लास्टिकला आराम पडतो." भाजीवाल्यापासून घाटावरच्या नावाड्यापर्यंत सगळे मला विचारायचे, "का हो, प्लास्टिक की तबीयत कैसी है?" मला राग यायचा. पण बाबांनी कातडं कुणाचं हे का विचारलं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी गप्प बसायचे.

बाबा भिक्षुक होते. गंगेकाठी दुर्गाघाटाच्या गल्लीत आमच्या तीन खोल्या, आणि त्यातल्या सगळ्यात उजेडाच्या खोलीत देव. आम्ही माणसं उरलेल्या दोन खोल्यांत. आई गेल्यापासून माणसं म्हणजे आम्ही दोघंच. दक्षिणेकडून आलेल्या मराठी यात्रेकरूंची कार्यं बाबा करत, पण घरच्या पूजेशी त्यांचं नातं वेगळंच होतं. सुतक सोडलं तर ती त्यांनी कधी कुणाला करू दिली नाही. पूजा सोवळ्यात, आणि सोवळं म्हणजे नुसतं धूतवस्त्र नव्हे. अंगावर जानव्याखेरीज काही नको. घड्याळाचा पट्टा नको, ताईत नको. एकदा बोट कापलं तेव्हा पट्टी सोडून, जखम उघडी ठेवून त्यांनी पूजा केली होती, आणि ताम्हनात रक्त पडेल म्हणून डावा हात पाठीमागे धरला होता. बाकीच्या देवांना आईने, मी हात लावला तर चाले. शाळिग्रामाला मात्र बायकांनी शिवायचं नाही. हा नियम कुणी केला असं मी विचारलं की ते म्हणत, "मी नाही केला." वाद तिथेच संपायचा.

मग बाबांना तो आजार झाला. नाव घेत नाही. पोटात सुरू झाला आणि मणक्यात उतरला. आमच्या गल्लीत गाडी येत नाही, त्यामुळे दवाखान्यात जायचं म्हणजे आधी खुर्चीत बसवून चौघांनी उचलून रस्त्यापर्यंत. प्रत्येक पायरीला बाबांच्या तोंडून जो आवाज यायचा तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. उलट्यांमुळे गोळ्या पोटात टिकत नव्हत्या. तेव्हा डॉक्टरांनी दुखण्यावरची पट्टी दिली. छातीवर चिकटवायची, तीन दिवस ठेवायची, मग नवी. आतलं औषध कातडीतून हळूहळू अंगात जातं.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतकी वर्षं वाट्या आणि चकत्या केल्या, त्याचा घरच्या माणसाला एकदाचा उपयोग होणार होता. मी बाबांची छाती कोमट पाण्याने पुसली, कोरडी केली, पट्टी लावली आणि वर्गात सांगते तसं सगळं सांगितलं. वर तेल लावायचं नाही, शेकायचं नाही, कडा उचलायच्या नाहीत. बाबा म्हणाले, "मला मालूम आहे, तू प्लास्टिकला बरं करतेस. आता मला कर."

पण आराम पडेना.

पहिले काही दिवस मी धीर धरला. औषध अंगात चढायला वेळ लागतोच. पुढे मात्र माझा धीर सुटला. मी पहाटेच स्वयंपाक उरकून विद्यापीठात जायचे, संध्याकाळी परत आले की जिन्यातच कण्हणं ऐकू यायचं. वर जायचं अंगावर यायचं. छातीवर पट्टी असायची, जागच्या जागी, थोडी सुरकुतलेली. मी ती बोटाने दाबून बसवायचे. बाबा माझा हात धरून ठेवायचे आणि विचारायचे, "बेटा, किती वेळ लागतो याला?" आणि मी, जिने याच विषयात पदवी घेतली, काहीतरी पुटपुटायचे.

मी कारणं शोधू लागले. बाबा वाळले होते, कातडीखाली चरबी उरली नव्हती, अशा अंगात औषध नीट शिरत नाही हे मी स्वतः शिकवलेलं होतं. शिवाय म्हातारी, कोरडी कातडी. तरी खात्री करावी म्हणून त्याच पाकिटातली एक पट्टी मी प्रयोगशाळेत नेली आणि नकली कातडीवर लावली. पट्टीत खोट नव्हती. खालच्या पाण्यात औषध असं शिस्तीत उतरलं की आलेख काढून भिंतीवर लावावा. नकली कातडीचं हेच तर सुख असतं. तिला वय नाही, घाम नाही, ती उन्हात बसलेली नाही, तिने कधी उपास केलेला नाही. कारखान्यातून येणारी प्रत्येक चकती अगदी मागच्या चकतीसारखी. त्या दिवशी मला त्या चकतीचा इतका संताप आला की मी ती चिमट्याने उचलून टोपलीत फेकली. मग परत उचलली, कारण महाग असते.

त्याच सुमारास आमच्या विभागप्रमुखांनी माझा लेख परत पाठवला. "मैडम, झिल्लीपर तो सब पास हो जाता है. असली चमड़ी दिखाइए." परीक्षकांनीही तेच लिहिलं होतं, की नकली कातडीचे आकडे खऱ्या कातडीशी ताडून दाखवा. खरी म्हणजे माणसाच्या कातडीला सगळ्यात जवळची. ती डुकराच्या कानाची असते. विभागातला शिपाई सकाळी सकाळी खाटकाकडून पिशवी आणून टेबलावर ठेवायचा आणि नाक मुरडून म्हणायचा, "लीजिए, कान आ गए." मी हातमोजे चढवून कानाच्या पाठीमागची कातडी सोडवायचे. पहिल्या दिवशी एकाच कानाला दुपार झाली. नंतर सवय झाली. घरी आल्यावर मी आधी अंघोळ करायचे आणि मगच बाबांजवळ जायचे. आज काय केलं असं बाबा विचारत नव्हते. विचारण्याइतकं त्राण त्यांच्यात नव्हतं.

कानातूनही औषध गेलं. जरा कमी, पण गेलं. म्हणजे प्लास्टिकला आराम, डुकरालाही आराम, आणि माझा बाप घरी अंथरुणाची चादर मुठीत धरून पडलेला. डॉक्टरांनी पट्टीची ताकद वाढवून दिली. पंधरवडा होत आला तरी फरक शून्य. मी देवाच्या खोलीच्या दारात उभी राहून, रोजच्यासारखं गंध लावलेल्या देवाला वाट्टेल ते बोलले. मनातल्या मनात, पण बोलले.

मग एके दिवशी विभागात विजेचं काम निघालं आणि मी सकाळी घरी राहिले. नवी, जास्त ताकदीची पट्टी मी आदल्याच संध्याकाळी लावली होती. बाबांना वाटलं मी नेहमीसारखी गेले. मी मागच्या खोलीत कपडे घडी करत होते.

बाबा उठले. कसे उठले ते त्यांनाच ठाऊक, भिंत धरून, चौकट धरून, मध्ये थांबून. मोरीत गेले. मी दारात जाऊन उभी राहिले तर ते माझ्याकडे पाठ करून नखाने पट्टीची कड उचलत होते. ती सावकाश सोलून काढली आणि मोरीच्या भिंतीवरच्या फरशीला चिकटवली. अलगद, चारी बाजूंनी दाबून. त्या फरशीवर जुन्या पट्ट्यांच्या डिंकाचे चौकोन होते, एकात एक अडकलेले. मी रोज तिथे अंघोळ करत होते. मला वाटायचं, साबणाचे डाग आहेत.

मी मागे सरले आणि भिंतीआड उभी राहिले. बाबांनी अंगावर पाणी घेतलं, कळशीतलं गंगाजल शेवटी घेतलं, धूतवस्त्र नेसले आणि ओणवे होऊन, भिंतीला धरून देवाच्या खोलीत गेले. तासभर पूजा चालली. मध्ये मध्ये मंत्र थांबायचा आणि तो आवाज यायचा, पायऱ्यांवरचा. मग मंत्र पुढे चालू. पूजा संपल्यावर कपाळाला आणि छातीला गंध लावून ते परत मोरीत आले, फरशीवरची पट्टी काढली आणि ओल्या गंधावर चिकटवली. ती चिकटेना, तेव्हा तळहाताने दाबून धरून उभे राहिले. खाली डिंकच उरला नव्हता. फरशीचा साबण लागून ती पांढरी झाली होती.

मग मात्र मी ओरडले. बापावर असं कुणी ओरडत नाही, मी ओरडले. "रोज? रोज हे असं करता? मी तिकडे जिवाचं रान करते, डॉक्टर ताकद वाढवतात, आणि तुम्ही औषध भिंतीला लावता?"

"चिल्लाऊ नकोस," बाबा म्हणाले. "नंतर लावतो ना परत."

"ती परत लागत नाही! एकदा काढली की मेली!"

"मग काय करू? अंगाला ते चिपकलेलं असताना देवाला कसा शिवू?" ते मोरीच्या उंबऱ्यावर बसले. दम लागला होता. "मला दुखत नाही असं थोडीच आहे. दुखतं. फार दुखतं, बेटा. पण पूजेपुरतं तरी अंग मोकळं होतं. तेवढ्यावर दिवस निघतो."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. राग गेला होता. काय करावं हे मला खरंच समजत नव्हतं. पट्टी काढू नका म्हणणं म्हणजे पूजा करू नका म्हणणं. पूजा करा म्हणणं म्हणजे कण्हत राहा म्हणणं. दोन्ही माझ्या तोंडून निघेना. तेवढ्यात बाबांनीच विचारलं, अगदी शिकाऊ मुलासारखं:

"काढली की अंग मोकळं होतं ना?"

या एका विषयात बाबा माझा शब्द प्रमाण मानायचे. शास्त्र, धर्म, स्वयंपाक, राजकारण, बाकी कशातही मी बोलले की ते हसत. पण कातडीतून काय जातं आणि काय जात नाही, यात त्यांच्या लेखी मी शेवटची. म्हणून मी खरं तेच सांगितलं. पट्टी काढली तरी औषध संपत नाही. कातडीच्या आत त्याचा साठा झालेला असतो. तो पुढे कितीतरी वेळ, दिवस मावळेपर्यंतसुद्धा, आत झिरपत राहतो.

बाबा फरशीवरचे डिंकाचे चौकोन एकेक करून बघत गेले.

"म्हणजे रोज," ते म्हणाले, "रोज मी ओवळ्यानेच केली."

मी म्हणाले, औषधाला कसलं सोवळं-ओवळं, देवाला कळतं, शास्त्रात आजाऱ्याला सूट असेल. ते मान डोलावत होते, पण ऐकत नव्हते. मग छाती माझ्यासमोर केली. "नवी लाव. आता काढणार नाही." मी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे आधीच्या कमी ताकदीची पट्टी लावली. लावताना गंध पुसावं लागलं.

या खेपेला ती टिकली. दुसऱ्या दिवशी कण्हणं कमी झालं, मग आणखी कमी. बाबा झोपू लागले. चमचाभर खिचडी पोटात राहू लागली. मी किती दिवस हेच मागत होते, आणि आता ते मिळालं तर घरात मला चैन पडेना. सकाळ व्हायची आणि बाबा उठायचे नाहीत. छताकडे बघत पडायचे. पूजेला शेजारचे गुरुजी येऊ लागले. बाबा अंथरुणातून त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे, तेवढाच त्यांच्यात जीव दिसायचा. पण आठवडा झाला नाही तोच गुरुजींना सुतक आलं. गल्लीत भिक्षुकांना तोटा नाही, पण बाबांना एकाचेही उच्चार पटत नव्हते. त्या दिवशी देव पारोसे राहिले. आमच्या घरात हे कधी घडलं नव्हतं, आई गेली तेव्हाही शेजाऱ्यांनी पाणी घातलं होतं. बाबांनी दिवसभर तोंडात काही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. आवाज जड होता, औषधाचा.

"तू कर."

"मी?"

"सगळी. शाळिग्रामाचीसुद्धा." डोळे मिटलेलेच होते. "नियम मी केला नव्हता. मोडतो मी."

मला रडूच आलं. बाबांनी माझं किती गोष्टींत कौतुक केलं असेल नसेल, पण हे त्यापेक्षा फार मोठं होतं. मी अंघोळ केली, आईची सोवळ्याची साडी काढून नेसले. बाबांचं अंथरूण देवाच्या खोलीच्या दारापाशी ओढून घेतलं, म्हणजे त्यांना दिसावं. ताम्हन पुढे घेतलं. गणपती काढून ठेवला, अन्नपूर्णा काढली, बाळकृष्ण काढला. मग शाळिग्रामाच्या डबीचं झाकण उघडलं आणि हात पुढे केला.

"बेटा," बाबा मागून म्हणाले, "तुझं ते कातडं नकलीच ना? कारखान्यातलं?"

माझा हात तिथेच राहिला.

मला हो म्हणता आलं असतं. त्यांना कोण सांगायला जाणार होतं? पण या विषयात मी त्यांना आजवर एक शब्द खोटा सांगितला नव्हता. मी पाठमोरीच म्हणाले, "बाबा, हल्ली खरं वापरावं लागतं. डुकराचा कान. पण हातमोजे असतात. दोन-दोन घालते."

मग अगदी हळू, शब्द ओढत त्यांनी विचारलं:

"मोज्यातून जात नाही ना काही?"

ते हो-नाहीपुरतं विचारत होते. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी सुखाने मानलं असतं, त्यांना मानायचंच होतं. पण रबराच्या पडद्यातून काय जातं आणि काय जात नाही, किती वेळात जातं, हेच मोजण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. रबरातून काही काही जातं. मागच्या वेळी मी खरं सांगितलं तेव्हा त्यांची पूजा गेली. आता खरं सांगितलं तर माझी जाणार होती, आणि खोटं सांगितलं तर पुन्हा त्यांना ओवळ्याची पूजा घडणार होती, तीही माझ्या हातून. मी हात मागे घेतला. तेवढा वेळ गेला.

वळून बघितलं तर बाबांना झोप लागली होती. उत्तराची वाट बघताना उघडा ठेवलेला तळहात तसाच अंथरुणावर होता. छाती संथ वरखाली होत होती, तिच्यावर पट्टी चारी कडांनी घट्ट बसलेली. कण्हणं नाही, कपाळाला आठी नाही. ताम्हनात तिन्ही देव कोरडे पडले होते, आणि उघड्या डबीपुढे मी हात मांडीवर घेऊन बसले होते, त्यांना उठवायचं की नाही हे न कळून. औषध अंगी लागलं होतं.